पेलेट स्टोव्हचा ऑगर अडकला आहे की त्याला कुणी फिरूच देत नाही?

तुमच्या प्रश्नातली हकिगत थोडक्यात अशी आहे. चार-पाच महिने बंद असलेला पेलेट स्टोव्ह, म्हणजे भुशाच्या दाबलेल्या कांड्या (पेलेट) जाळणारी शेगडी, तुम्ही पहिल्या थंडीला सुरू केला. मागच्या बाजूने दर काही सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज येत राहिला, बर्नपॉटमध्ये, म्हणजे पेलेट जळतात त्या भांड्यात, एकही पेलेट पडला नाही आणि काही वेळाने पेटवण अयशस्वी झाल्याची सूचना दाखवून स्टोव्ह बंद पडला. तुम्ही हॉपरवर, म्हणजे पेलेट भरायच्या पेटीवर, थापा मारून पाहिल्या, वरून गज खुपसून पाहिला, पण उपयोग झाला नाही. आता ऑगरची, म्हणजे पेलेट ढकलणाऱ्या स्क्रूची, मोटर मागवावी का, असे तुम्ही विचारले आहे.

मोटर मागवण्याची घाई करू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून मोटर जिवंत आहे आणि ती कशाशी तरी झगडते आहे, असे दिसते. तिला अडवणारी वस्तू काढणे हे घरी करण्यासारखे काम आहे, मात्र ती वस्तू तिथे कशी आली हे शोधल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नका, कारण नुसता मार्ग मोकळा केलेला स्टोव्ह बहुधा काही दिवसांत पुन्हा त्याच जागी येऊन अडतो.

आधी आतली रचना डोळ्यांसमोर आणू. हॉपरचा तळ उतरता असतो आणि त्याच्या खालच्या टोकाला एका नळीत जाड आट्यांचा ऑगर बसवलेला असतो. वरून पेलेट सोडणाऱ्या स्टोव्हमध्ये ही नळी तिरपी वर चढते. ऑगर पेलेट वर नेतो आणि नळीच्या वरच्या तोंडातून ते घसरगुंडीसारख्या वाटेने बर्नपॉटमध्ये पडतात. खालून किंवा बाजूने पेलेट ढकलणाऱ्या स्टोव्हमध्ये नळी जवळजवळ आडवी असते. दोन्ही प्रकारांत ऑगर फिरवणारी मोटर लहानच असते, पण तिच्या पुढे दातेचाकांची पेटी असल्यामुळे ती मिनिटाला जेमतेम काही फेरे घेते आणि त्या बदल्यात तिला मोठा पीळ मिळतो. तेवढे फेरेसुद्धा ती सलग घेत नाही. कंट्रोल बोर्ड तिला थोडा वेळ वीज देतो, थोडा वेळ थांबवतो आणि या चालू-बंदच्या प्रमाणावरच ज्योतीचा जोर ठरतो. त्यामुळे ठरावीक अंतराने येणारा आवाज हा स्वतःहून बिघाड नाही. त्या आवाजाबरोबर दांडा फिरतो का, हा खरा प्रश्न आहे.

हात लावण्यापूर्वी सुरक्षिततेचे चार शब्द. स्टोव्ह पेटलेला असेल तर बटणाने बंद करून त्याची विझण्याची क्रिया पूर्ण होऊ द्यावी, जळत्या स्टोव्हचा प्लग कधीही ओढू नये. प्लग ओढला की धूर बाहेर फेकणारा पंखा थांबतो आणि धूर खोलीत येतो किंवा आग नळीतून हॉपरच्या दिशेने मागे सरकते. स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यावर प्लग काढावा. राख थंड वाटली तरी तिच्या पोटात निखारा तासन्‌तास, कधी दोन-तीन दिवसही, तग धरतो. म्हणून ती घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी, आणि घरातल्या झाडझुडीचा व्हॅक्यूम क्लीनर राखेसाठी वापरू नये. स्टोव्हच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर दुरुस्तीच्या आधी तो बसवा.

आता निदान. बाजूची किंवा मागची पत्र्याची झाकणे काढून मोटर आणि तिचा दांडा दिसेल असे करा. दांड्यावर खडूने किंवा मार्करने एक आडवी रेघ ओढा, प्लग लावा, स्टोव्ह सुरू करा आणि हात मागे ठेवून फक्त पाहा, कारण आत उघड्या जोडण्यांमध्ये वीज असते. जे दिसेल त्यावरून पुढचा रस्ता ठरतो. रेघ जरा पुढे सरकून झटक्याने मागे येत असेल आणि त्याच वेळी ‘टक्’ ऐकू येत असेल, तर मोटरला वीज मिळते आहे, दातेही शाबूत आहेत, पण ऑगर आत जाम आहे. तुमचा स्टोव्ह बहुतेक इथेच आहे. मोटर फिरते पण ऑगर जागचा हलत नाही, असे दिसले तर दोघांना जोडणारा सेट स्क्रू सैल झालेला असतो किंवा काही रचनांमध्ये मुद्दाम कमजोर ठेवलेली पिन तुटलेली असते. ही पिन मोटर वाचवण्यासाठीच असते, त्यामुळे तिच्या जागी कडक पोलादी खिळा ठोकण्याचा मोह टाळावा. ऑगर नीट फिरतो आणि तरीही पेलेट येत नाहीत, तर हॉपरच्या तळाशी पेलेटांची कमान बांधली गेली आहे. वरून हॉपर भरलेला दिसतो आणि ऑगरच्या तोंडाशी पोकळी असते. अशा वेळी लाकडी काठीने ढवळणे पुरेसे होते.

चौथी शक्यता अशी, की मोटर अजिबात हलत नाही आणि आवाजही येत नाही. हिच्याकडे नवखा माणूस हमखास दुर्लक्ष करतो. अशा वेळी अडथळा ऑगरमध्ये नसून विजेच्या वाटेवर असण्याची शक्यता जास्त. कित्येक स्टोव्हमध्ये ऑगरच्या मोटरकडे जाणारी वीज काही सुरक्षा स्विचांच्या परवानगीनेच पुढे जाते. हॉपरचे झाकण बंद आहे का हे एक स्विच पाहतो, अति उष्णता झाली का हे दुसरा पाहतो, आणि भट्टीत पुरेशी ओढ (धूर बाहेर खेचला जाण्याचा जोर) आहे का हे व्हॅक्यूम स्विच पाहतो. धुराडे राखेने तुंबले, दाराचे गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी पट्टी, दबून चपटे झाले किंवा दार पुरते लागले नाही, की ओढ कमी पडते आणि व्हॅक्यूम स्विच ऑगरची वीज तोडतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ‘पेलेट येत नाहीत’ एवढेच दिसते.

हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. या कामात नवा असताना मी एका स्टोव्हचा ऑगर पूर्ण दुपार खर्चून बाहेर काढला होता. तो इतका स्वच्छ निघाला की मला माझीच लाज वाटली. दोष होता व्हॅक्यूम स्विचला जोडलेल्या करंगळीपेक्षा बारीक रबरी नळीत. तिचे भट्टीकडचे तोंड राखेच्या बुचाने बंद झाले होते. नळी स्विचपासून सोडवून घेऊन बारीक तारेने ते तोंड मोकळे केले आणि स्टोव्ह चालू झाला. नळी स्विचला जोडलेली असताना तिच्यात फुंकर मारू नये, आतला नाजूक पडदा फाटतो.

तुमच्या बाबतीत ऑगर का अडकला असावा, हे आता पाहू. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा प्रचंड दाबाने साच्यातून काढून केलेली कांडी. घरगुती स्टोव्हसाठीच्या कांडीचा व्यास साधारण ६ मिमी असतो. ती मुख्यतः लाकडातल्याच लिग्निनमुळे बांधलेली राहते, आणि आयएसओ १७२२५-२ या मानकानुसार तिच्यातला ओलावा १० टक्क्यांच्या आत असावा लागतो. एक पेलेट वाटीभर पाण्यात टाकून बघा, काही मिनिटांत तो फुगून फुटतो आणि पुन्हा भुसा होतो. हीच गोष्ट बंद स्टोव्हमध्ये हवेतल्या दमटपणामुळे सावकाश घडते. हंगाम संपताना हॉपरमध्ये आणि नळीत राहिलेले पेलेट महिनोन्‌महिने ओल शोषतात, फुगतात आणि नळीच्या भिंतीशी व आट्यांशी घट्ट बसतात. पहिल्या थंडीला मोटर जोर लावते, तेव्हा तो फुगलेला भुसा मोकळा होण्याऐवजी आणखी दाबला जातो. अशा नळीतून मी काढलेला एक गठ्ठा बराच काळ कपाटात ठेवला होता. बोटभर लांब, आट्यांच्या वळणाचा हुबेहूब ठसा उमटलेला, बाहेरून चकचकीत आणि इतका कडक, की टेबलावर आपटला तर लाकडाचा ठोकळा आपटल्यासारखा आवाज यायचा. तुमचा गज अशाच एखाद्या गठ्ठ्यावर आपटत असावा.

भर हंगामात होणारी अडकण वेगळी असते. तिथे गुन्हेगार बहुधा चूर असतो. पोती हाताळताना पेलेट घासले जातात, त्यांचा बारीक भुसा होतो आणि तो हॉपरच्या तळाशी साचत जातो. वरून नवे पोते ओतले की जुना चूर तसाच खाली राहतो आणि एके दिवशी ऑगरच्या वाट्याला पेलेटांऐवजी निव्वळ भुसाच येतो. लांब पेलेटही त्रास देतात. मानकात कमाल लांबी साधारण ४० मिमी धरलेली असली, तरी त्याहून लांब कांड्या पोत्यात सापडतात आणि नळीच्या तोंडाशी आडव्या पडून कमान धरतात. परक्या वस्तूंचे म्हणाल तर पोत्याच्या फाडलेल्या कोपऱ्याचा प्लास्टिकचा तुकडा, दोरा, खडा, एवढेच काय पण हॉपरमध्ये पडलेला स्क्रूही मी ऑगरमधून काढला आहे. पोते हॉपरच्या तोंडावर धरून कापण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.

प्रत्यक्ष काम सर्वांत सोप्या पायरीपासून सुरू करावे, आणि पायरी ओलांडायची घाई करू नये. प्लग काढलेला असू द्या. हॉपरमधले सगळे पेलेट डब्याने काढा आणि तळाचा चूर व्हॅक्यूमने पूर्ण ओढून घ्या. ऑगरच्या तोंडावर बोटे चिरडू नयेत म्हणून जाळी असेल तर तिचे स्क्रू काढा. टॉर्चच्या उजेडात ऑगरचे दिसणारे आटे पाहा. लांब, अरुंद पात्याच्या स्क्रूड्रायव्हरने दोन आट्यांमधला भुसा थोडा थोडा उकरा आणि मध्येमध्ये तो ओढून घ्या. हे काम दात किटकिटवणारे आहे, पण तुम्ही वरून मारलेल्या गजापेक्षा फार परिणामकारक आहे, कारण गजाने गठ्ठा आणखी दाबला जातो आणि उकरण्याने तो फुटतो. याच वेळी भट्टीच्या बाजूनेही पाहा. बर्नपॉटमध्ये राखेचा काचेसारखा कडक थर जमून पेलेट वरपर्यंत साचले असतील, तर घसरगुंडी भरून ऑगर मागून अडतो. अशा वेळी नळी कितीही साफ केली तरी उपयोग नसतो.

एवढ्यावर न भागल्यास मोटर सोडवा. बहुतेक स्टोव्हमध्ये ती ॲलन कीने सुटणाऱ्या सेट स्क्रूने किंवा क्लिपने दांड्याला धरलेली असते. तारा काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मोटर बाजूला झाली की उघड्या दांड्याला ग्रिप प्लायर लावा आणि आधी उलट दिशेने हलका पीळ द्या, मग सुलट, पुन्हा उलट. एका दमात पूर्ण फेरा मिळवण्याचा प्रयत्न करू नका. सुरुवातीला जेमतेम काही अंश हालचाल मिळेल, प्रत्येक खेपेला ती थोडी वाढेल आणि मग एका क्षणी आत काहीतरी ‘कर्र’ करून मोडल्यासारखे वाटेल. तो आवाज ऐकून घाबरू नये, गठ्ठा फुटल्याचीच ती खूण असते. सुटलेला भुसा ओढत राहा आणि दांडा हाताच्या जोराने पूर्ण फिरेपर्यंत हे चालू ठेवा.

पिळाने दांडा हललाच नाही तर ऑगर बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नसते. तो वर हॉपरमधून निघतो, की खालून किंवा मागून, हे प्रत्येक रचनेत निराळे असते. त्यासाठी तुमच्या मॉडेलची पुस्तिका पाहणे हाच योग्य मार्ग आहे. सामान्यतः ऑगरच्या टोकाला एक चकती काही बोल्टांनी आवळलेली असते आणि तिच्या आड बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) व गॅस्केट असते. बोल्ट सुटत नसतील तर त्यांच्यावर जोर काढून डोकी उडवू नका, रबरी हातोडीने चकतीवर हलके ठोके देऊन पाहा. ऑगर निघाल्यावर नळी आतून लांब दांड्याच्या ब्रशने घासा आणि टॉर्च लावून आरपार पाहा.

या सगळ्यात काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. नळीत पाणी ओतू नये, कारण भुसा फुगून अडकण दुप्पट होईल. तेल किंवा गंज सोडवण्याचा फवारा मारू नये, कारण तो भुशात मुरतो आणि ती जागा आगीच्या शेजारची आहे. ऑगरच्या दांड्याला ड्रिल मशीन लावून तो फिरवण्याची युक्ती काही जण सांगतात. मी तिच्या विरोधात आहे, कारण तिच्यामुळे आटे वाकलेले किंवा जोडाला तडा गेलेला ऑगर मी पाहिला आहे. लोखंडी हातोडीने दांड्याच्या टोकावर घाव घालणे तर आणखी वाईट. टोक फुगते आणि मग मोटर त्यावर बसतच नाही.

जोडणी करताना ऑगर एकदा सपाट फरशीवर लोळवून पाहा. तो वाकडा असेल तर लंगडत लोळतो, आणि असा ऑगर दर फेऱ्यात एकाच जागी नळीला घासून पुन्हा जाम होतो. आगीकडच्या टोकाचे आटे झिजलेले किंवा जळून पातळ झालेले आहेत का, बुशमध्ये दांडा खुळखुळतो का, तेही पाहा. गॅस्केट फाटले असेल तर नवेच बसवा. ही काटकसर करण्याची जागा नाही. ऑगरच्या नळीत हवेची गळती झाली की आगीला मागे सरकायला वाट मिळते, आणि त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला जळणाने भरलेला हॉपर असतो. सेट स्क्रू दांड्याच्या सपाट केलेल्या बाजूवरच आवळावा. गोल बाजूवर आवळलेला स्क्रू थोडे दिवस चालतो आणि मग सैल होऊन नवी रहस्यकथा निर्माण करतो. मोटर बसवण्यापूर्वी दांडा हाताने दोन-तीन पूर्ण फेरे फिरवून खात्री करून घ्या.

आता चाचणी. हॉपर रिकामा ठेवूनच पहिला प्रयत्न करा आणि रेघ पूर्ण फेरा घेते का ते पाहा. ती घेत असेल तर थोडेच पेलेट टाका. रिकामी नळी भरून पहिला पेलेट खाली पडायला काही मिनिटे लागतात, त्यामुळे पहिला प्रयत्न पेटवण न होताच संपणे स्वाभाविक आहे. मात्र प्रत्येक अयशस्वी प्रयत्नानंतर बर्नपॉट रिकामा करायलाच हवा. साचलेल्या ढिगावर पुन्हा पेटवण केली तर ढीग आधी दाट पांढरा धूर सोडतो आणि तो धूर एकदम पेट घेऊन दाराची काच फोडू शकतो. भट्टी दाट धुराने भरलेली दिसली तर दार उघडू नका. बर्नपॉटमधून काढलेले अर्धवट तापलेले पेलेट हॉपरमध्ये परत टाकू नका, ते राखेबरोबर धातूच्या डब्यात गेले पाहिजेत.

स्टोव्ह चालू झाल्यावर मूळ कारणाकडे वळा. दर काही पोत्यांनंतर हॉपर पूर्ण संपू द्या आणि तळाचा चूर ओढून घ्या. पोत्यात भुसा जास्त दिसत असेल तर पेलेट सुमारे ३ मिमी भोकांच्या चाळणीतून ओता. पोती जमिनीला किंवा भिंतीला टेकवू नका, लाकडी फळ्यांवर ठेवा. काँक्रीटची फरशी कोरडी दिसली तरी खालून ओल देते. हंगामाच्या शेवटी हॉपर आणि नळी दोन्ही रिकामी झाल्यावरच स्टोव्ह बंद करा. हॉपर रिकामा दिसल्यानंतरही नळीत थोडे पेलेट उरतात, ते जळून संपू द्यायचे असतात.

राहिला मोटरचा प्रश्न. ती ऑगरपासून सोडवलेली असेल तेव्हाच तिची परीक्षा घ्या. मोकळी असताना ती सावकाश पण न अडखळता फिरत असेल तर ती ठीक आहे, आणि तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता जास्त वाटते. ती नुसती गुणगुणत असेल आणि दांडा हलत नसेल, किंवा प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी कटकट करून घसरत असेल, तर दातेचाकांची पेटी गेलेली आहे आणि मोटर बदलावी लागेल. तेव्हा जुन्या मोटरवरच्या पट्टीवरून व्होल्टेजखेरीज दोन गोष्टी नीट उतरवून घ्या, एक म्हणजे मिनिटाला फेरे किती आणि दुसरी म्हणजे फिरण्याची दिशा. बाहेरून तंतोतंत सारखी दिसणारी पण दुप्पट फेऱ्यांची मोटर बसवली तर बर्नपॉटमध्ये दुप्पट जळण पडून स्टोव्ह अति तापतो. आणि उलट दिशेची बसवली तर ऑगर पेलेट बर्नपॉटकडे नेण्याऐवजी नळीच्या बंद टोकाशी रेटत राहतो.